अकरा वाजताची झाडलोट

ओली फरशी. कुणी पाय ठेवू नये.

दात घासायचे दोन ब्रश, दोन गावांत, एकाच माणसाचे.

एक पांढरी चकती फिरते आहे. फिरतेच आहे.

गोल शिक्का, जांभळी शाई: ‘नष्ट करावे.’

कपाटाचा उजवा अर्धा भाग. त्यात काहीही नाही, असं सांगण्यात आलेलं आहे.

सोमवार, सकाळचे अकरा.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं वाटत असेल, तर गठ्ठेसाहेबांनाही सोमवारी सकाळी दहा एकोणसाठपर्यंत तसंच वाटत होतं.

गठ्ठे हे त्यांचं आडनाव नव्हे. कचेरीच्या तळघरात जुन्या कागदांची खोली आहे, तिला अभिलेख कक्ष म्हणतात. तिथे बावीस वर्षं लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांमध्ये राहून राहून माणसाला जे नाव पडायचं ते पडलं. ‘साहेब’ हे त्याला जोडलं ते शिपायाने, आणि तेही तोंडदेखलं. बायको दुसऱ्या गावी, सरकारी रुग्णालयात परिचारिका. तिची बदली सात वर्षांपूर्वी झाली. यांची व्हायची होती. ‘व्हायची आहे’ हे वाक्य सात वर्षं तसंच उभं आहे, रांगेतल्या माणसासारखं, एका पायावरून दुसऱ्या पायावर. दर शनिवारी पाच दहाची बस, साडेचार तासांचा प्रवास, रविवारी दुपारी परत. त्या घरात एक कपाट आहे. डावा अर्धा भाग तिचा. उजवा अर्धा भाग त्यांचा, ते येतील तेव्हाचा.

सोमवारच्या आठ दिवस आधी, रविवारी ते परत निघताना ती म्हणाली, "या वेळी नाही जमलं ना, तर कपाटाचा तो भाग मी वापरायला घेते."

"असं काय करतेस गं. पुढच्या सोमवारी अकराला अर्ज सुरू होतायत. पहिल्यांदाच सगळं संगणकावर. जो आधी भरेल त्याला जागा."

"आणि इथे यायला लोक रांगा लावून बसलेत का?"

"तीन जागा आहेत. मुख्य लिपिक म्हणत होते, दोनशे अर्ज येणार. दोन मिनिटांत खेळ खलास."

"मुख्य लिपिक काय काय म्हणतात," ती म्हणाली, आणि डबा पिशवीत ठेवला.

तर प्रकरण एवढंच होतं. एक पान उघडायचं, त्यावर अर्ज भरायचा, पाठवायचा. तिसरी-चौथीतल्या पोरानेही केलं असतं. पण गठ्ठेसाहेब तिसरी-चौथीत नव्हते, ते एकोणपन्नास वर्षांचे होते आणि काळजीपूर्वक काम करण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी आठ दिवस आधीपासून तालीम सुरू केली.

खात्याचं ते पान म्हणजे एक प्रकरणच होतं. वर सरकत जाणारी सूचना, खाली सरकत जाणारी दुसरी सूचना, मध्ये इमारतीचे बारा फोटो आलटून पालटून, आणि कोपऱ्यात एक फडफडणारा पक्षी, ज्याचा बदल्यांशी संबंध कुणालाच सांगता आला नाही. गठ्ठेसाहेबांच्या लॅपटॉपवर ते पान निम्मं उघडायचं आणि थांबायचं. पक्ष्याचा पंख वर गेलेला तसाच. चकती फिरायची. चार सेकंद. सहा सेकंद. एकदा तर त्यांनी मोजले, अकरा. दोनशे लोक आणि अकरा सेकंद असा हिशेब त्यांनी मनात केला आणि त्यांना जेवण गेलं नाही.

समोरच्या दारात निवृत्त बँकवाले राहतात. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण सल्ला देण्याच्या कामातून त्यांना कुणी निवृत्त केलेलं नाही. दार उघडं दिसलं की ते आत येतात, बंद दिसलं की काळजीने आत येतात.

"मेमरी," त्यांनी पडद्याकडे पाहून निदान केलं. "मेमरी भरलीय तुमची."

"माझी?"

"लॅपटॉपची हो. तुमची कोण विचारतंय. साफ करायला हवी. माझ्याकडे एक प्रोग्राम आहे, मेमरी झाडून काढतो. दर मिनिटाला. घ्या, टाकून देतो."

टाकून दिला. तो प्रोग्राम कोपऱ्यात झाडूच्या चित्राने बसला आणि दर मिनिटाला खरोखर झाडायला लागला. झाडला की हिरव्या अक्षरांत सांगायचा: ‘अभिनंदन! एवढी मेमरी मोकळी केली.’ गठ्ठेसाहेबांना बरं वाटायचं. मग ते पानावर परत जायचे, आणि पान पहिल्यापासून उघडायला लागायचं, कारण जे झाडून नेलं होतं त्यात ते पानही होतं.

"मग एक झाडू पुरत नसेल," बँकवाले म्हणाले. त्यांनी दुसरा टाकला. आता दोन झाडू होते. एक झाडायचा, त्याची धूळ दुसरा झाडायचा, आणि दोघेही अभिनंदन करायचे. बुधवारपर्यंत गठ्ठेसाहेबांचं इतकं अभिनंदन झालं होतं की उभ्या नोकरीत झालं नव्हतं. पान मात्र आता

*झाडलोट चालू आहे. कृपया थांबा.*

उघडतच नव्हतं.

गुरुवारी वरच्या मजल्यावरची सून जिन्यात भेटली. ती घरूनच काम करते, कानात बोंडं घालून भिंतीशी बोलते. ती संगणकावर काहीतरी करते एवढीच जिन्याला माहिती होती. गठ्ठेसाहेबांनी संकोचाने विषय काढला, आणि ती पायरीवरच बसली.

"काका, मी ब्राउझरचंच काम करते. हेच. पान उघडायला वेळ का लागतो, तेच बघायचं."

गठ्ठेसाहेबांना दोन धक्के बसले. एक, की या इमारतीत चार दिवस जी विद्या ते शोधत होते ती डोक्यावर बारा फुटांवर बसलेली होती. दुसरा, ‘काका’ हा.

गठ्ठेसाहेबांनी घरातून आणलेला लॅपटॉप तिने मांडीवर घेतला. दोन्ही झाडू पाहिले. डॉक्टर जसे घरगुती उपचार पाहतात, तसे.

"हे बघा काका. ब्राउझरला स्वतःची झाडलोट असते. पान उघडताना हजार बारीकसारीक गोष्टी तयार होतात, निम्म्या लगेच निकामी होतात. त्या तो मधूनमधून गोळा करतो. करायलाच हव्यात. पण मोठी झाडलोट काढली की त्याला हातातलं काम थांबवावं लागतं. आता पान अर्धं आलंय, आणि तेवढ्यात जर त्याने झाडू घेतला..."

"तर पक्ष्याचा पंख वर राहतो."

"कुठला पक्षी?"

"आहे एक."

"तर झाडलोट किती, हा प्रश्न नाहीच. झाडलोट कधी, हा आहे. पाहुणे दारात उभे असताना कुणी केर काढतं का? पाहुणे येऊन बसले, चहा हातात दिला, ते पेपर वाचतायत, तेव्हा हळूच मागची खोली आवरायची. पान येऊन गेलं, माणूस वाचत बसलाय, हात कशाला लावत नाहीये, तेव्हा झाडलं तर कुणाला कळतही नाही. चांगला ब्राउझर तेच करायला बघतो. आम्ही अख्खा दिवस तेवढंच मोजतो, कधी झाडावं."

"म्हणजे वेळ महत्त्वाची."

"वेळच. तुम्ही हे दोन्ही काढून टाका. सोमवारी पावणेअकराला पान उघडा आणि हात मांडीवर घेऊन बसा. त्याला त्याचं आवरू द्या. अकराला एकदाच दाबा. बास."

इतकं सरळ होतं. गठ्ठेसाहेबांनी तिचे आभार मानले, घरी आले, आणि विचार करायला बसले. घात इथे झाला. ‘वेळच’ हा शब्द त्यांना फार पटला होता. बावीस वर्षं ते हेच सांगत आले होते, की प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळी व्हावी. त्यांनी एक झाडू काढून टाकला. दुसरा, चांगला होता तो, ठेवला, पण दर मिनिटाचं बंद करून त्याला एकच नेमकी वेळ लावून दिली. अर्ज अकराला सुरू होणार, तर मेमरी अकराला लख्ख हवी. त्यांनी वेळ लावली: सोमवार, अकरा.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला शिपाई तळघरात उतरला आणि त्याने एक परिपत्रक टेबलावर ठेवलं.

‘कार्यालयातील निरुपयोगी अभिलेख काढून टाकण्याची विशेष मोहीम सोमवारी सकाळी १०.३० ते ४ या वेळेत राबवण्यात येईल. धूळ जात असल्याने या वेळेत सर्व संगणक बंद ठेवावेत. कोणासही रजा मिळणार नाही. मोहीमप्रमुख: अभिलेखपाल.’

अभिलेखपाल म्हणजे गठ्ठेसाहेब. ते जिना चढून अधीक्षकांकडे गेले. बावीस वर्षांत ते असे धापा टाकत वर आलेले कुणी पाहिले नव्हते.

"साहेब, हे सोमवारी... सोमवारी अकराला मला..."

"का? चांगला प्रस्ताव आहे की," अधीक्षक म्हणाले. "मला तर फार आवडला. मुद्देसूद."

"कुणाचा आहे?"

अधीक्षकांनी फाइल फिरवून दाखवली. खालची सही गठ्ठेसाहेबांची होती. तारीख सात महिन्यांपूर्वीची. मग त्यांना आठवलं. त्यांनीच मसुदा लिहिला होता, दोनदा खोडून, चांगल्या अक्षरात. सोमवार सकाळ त्यांनीच निवडली होती, आणि कारणही दिलं होतं: ‘सदर वेळेत कार्यालयात विशेष काम नसते.’ त्यानंतर फाइल सात टेबलांवर सात महिने राहिली, आणि नेमकी आता येऊन पोचली.

"पुढे ढकलता येईल का, साहेब?"

"येईल ना. नवी टिपणी लिहा. सातही टेबलांवरून फिरवून आणा."

"सोमवारपर्यंत?"

अधीक्षक मोकळेपणाने हसले. ते वाईट माणूस नव्हते. विनोद त्यांना कळायचा.

त्या शनिवारी गठ्ठेसाहेब बसला गेले नाहीत. फोनवर बायकोला म्हणाले, तालीम करायचीय. ती म्हणाली, "आता तालीमच करत बसा."

सोमवार. सकाळी साडेदहा. तळघर.

कचेरीतले संगणक बंद, पण स्वतःचा लॅपटॉप हा ‘सर्व संगणक’ यात येतो की नाही, याबद्दल परिपत्रक मुग्ध होतं. लिहिणाऱ्याने एवढा विचार केला नव्हता. गठ्ठेसाहेबांनी ‘क’ वर्गाच्या मांडणीमागे, दोन रॅकच्या बेचक्यात स्टुलावर लॅपटॉप मांडला, शेजारी फोन ठेवला आणि फोनवरून इंटरनेट जोडलं. पावणेअकराला पान उघडलं. आश्चर्य म्हणजे सरळ उघडलं. ते समोर खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. पक्षी फडफडत होता. ते त्याच्याकडे पाहत होते आणि तो, त्यांना वाटलं, त्यांच्याकडे.

दहा पन्नास. मांडीवर हात.

दहा चौपन्न. अशा वेळी माणूस पान एकदा ताजं करून बघणारच. केलं. उघडलं.

दहा सत्तावन्न. परत केलं. जरा अडलं, पण उघडलं.

दहा एकोणसाठ. सगळं तयार. कर्मचारी क्रमांक भरलेला, गाव निवडलेलं, ‘पाठवा’ हे बटण राखाडी, अकराला निळं होणार. बोट बटणावर. सात वर्षं, साडेचार तास, पाच दहाची बस, कपाटाचा उजवा अर्धा भाग, सगळं त्या एका बोटाच्या टोकाशी आलेलं, आणि बटण निळं झालं, आणि गठ्ठेसाहेबांनी

*झाडलोट चालू आहे. कृपया थांबा.*

*बँकवाल्यांचा पहिला झाडू: काढलेला आहे. बँकवाल्यांचा दुसरा झाडू: तो हाच. पंख: वर. जिन्यातलं वाक्य, ‘हे दोन्ही काढून टाका’: निम्मं ऐकलं होतं. निकामी, टाकलं. मुख्य लिपिकांचं वाक्य, ‘दोनशे अर्ज’: ठेवलं, का ते माहीत नाही.*

*कृपया थांबा.*

"साहेब, पाय वर घ्या."

शिपाई होता. हातात ओलं फडकं, मागे बादली.

"आता नको रे!"

"परिपत्रकात आहे, साडेदहापासून. तुम्हीच लिहिलंय म्हणे." आणि त्याने स्टुलाखाली फडकं सरकवलं.

गठ्ठेसाहेबांनी पाय वर घेतले. समोर लॅपटॉप, पाय हवेत, चकती फिरते आहे, आणि त्याच वेळी रॅकच्या टोकाशी अधीक्षक उगवले.

"अहो गठ्ठे, इथे काय लपून बसलाय! चला, पहिला गठ्ठा तुमच्या हातून निघायला हवा. फोटो काढायचाय, वर पाठवायला."

"साहेब, एक मिनिट, फक्त एक..."

"माझा फोन म्हणतोय मेमरी भरली, फोटो घेतच नाही. तुमचा द्या बरं." आणि त्यांनी स्टुलावरचा फोन उचलला.

चकती थांबली. ‘अभिनंदन! मेमरी मोकळी केली,’ असं हिरव्या अक्षरांत आलं. त्याच्या खाली लाल अक्षरांत आलं की इंटरनेट जोडलेलं नाही. इंटरनेट अधीक्षकांच्या हातात होतं आणि जिना चढत होतं.

गठ्ठेसाहेब मागे धावले. फरशी ओली होती.

फार लागलं नाही. पण फोटोत ते गठ्ठा छातीशी धरून एका अंगाला कलून उभे आहेत, आणि चेहऱ्यावर जे आहे त्याला अधीक्षकांनी नंतर अहवालात ‘उत्साह’ म्हटलं. फोटो अकरा काढले. एकात डोळे मिटलेले म्हणून, दुसऱ्यात अधीक्षक अर्धेच आले म्हणून. फोन परत मिळाला तेव्हा अकरा चौतीस झाले होते. पान म्हणालं, तुमची वेळ संपली आहे, पुन्हा प्रवेश करा. त्यांनी घाईघाईने टंकायला घेतलं. परवलीचा शब्द तीनदा चुकला. पान म्हणालं, आता चार तासांनी या.

जाता जाता मुख्य लिपिक रॅकमधून डोकावले. "भरला का? नाही? मग संपलं हो. दोन मिनिटांत जातात म्हणालो नव्हतो?" आणि समाधानाने पुढे गेले.

मग गठ्ठेसाहेबांनी लॅपटॉप उघडा तसाच स्टुलावर सोडला आणि मोहीमप्रमुख म्हणून गठ्ठे उपसायला लागले. करायला दुसरं काही नव्हतं. सोडायचं, तपासायचं, शिक्का मारायचा, पोत्यात टाकायचं. धुळीने नाक भरलं. ढोपर ठणकत होतं. बँकवाल्यांचा फोन आला, ‘कसा चाललाय झाडू?’ म्हणून, त्यांनी ‘उत्तम’ सांगितलं. कुणाला समजावून सांगण्याइतका जीव उरला नव्हता.

दुपारी तीनच्या सुमाराला, ‘ड’ वर्ग, म्हणजे पाच वर्षांनंतर ठेवायची गरज नसलेले कागद, त्यातून एक पिवळट पान निघालं. अक्षर ओळखीचं वाटलं. चांगलं होतं. ‘पत्नीची बदली झाल्याने मलाही त्याच गावी...’ खाली सही. त्यांची. वर समासात कुणीतरी लाल पेनाने लिहिलेलं: ‘योग्य वेळी विचार करावा.’

ते पान हातात धरून उभे राहिले. तारखेकडे पाहिलं. सहा वर्षं, आठ महिने. शिपाई पोतं पसरून थांबला होता.

"ठेवायचं का, साहेब?"

गठ्ठेसाहेबांनी नियम आठवला. मग शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि नीट, सरळ, मधोमध मारला. "पाच वर्षं होऊन गेलीत," ते म्हणाले. "जाऊ दे."

चार वाजून दहा मिनिटांनी पोती गाडीत चढली. तळघर रिकामं, स्वच्छ, थोडं अनोळखी दिसत होतं. गठ्ठेसाहेब लॅपटॉप बंद करायला स्टुलापाशी गेले. चार तास त्याला कुणी हात लावला नव्हता. पडद्यावर एक बोट टेकवलं, सवयीने. पान आलं. म्हणजे आलंच, चकती नाही, थांबणं नाही, बारा फोटो, दोन सूचना, पक्षी, सगळं एका श्वासात. बटण निळं होतं. त्यांनी क्रमांक भरला, परवलीचा शब्द या वेळी बरोबर आला, गाव निवडलं, दाबलं. ‘आपला अर्ज मिळाला.’ एवढंच. अभिनंदन कुणी केलं नाही.

उपयोग नव्हता. पण टपाल टाकून टाकावं, तसं.

मग फोन केला.

"गेला का?" तिने विचारलं.

"गेला. सव्वाचारला."

"अकराला जायचा होता ना?"

"अकराला..." ते पोत्याच्या सुतळीकडे पाहत राहिले. कुठून सुरू करणार. "अकराला इथे झाडलोट होती."

"तिथेही का? मीही अकरालाच काढली. आज रात्रपाळी आहे, सकाळ मोकळी होती. कपाट आवरलं."

गठ्ठेसाहेब रिकाम्या रॅकवर टेकले. "उजवा भाग घेतलास वापरायला?"

"घेतलास काय. तो कधी रिकामा होता? सात वर्षं पांघरुणं कोंबली होती त्यात. आणि शिवणाचं मशीन. तुम्ही शनिवारी यायचात, तर पुढे दोन शर्ट अडकवून ठेवायची, मागचं दिसू नये म्हणून."

"मग आज?"

"आज काढलं सगळं. माळ्यावर टाकलं. पुसून घेतलं, कागद घातलाय खाली."

"अगं पण अजून... दोनशे अर्ज आहेत. माझा सव्वाचारला गेलाय. आत्ता कशाला?"

"मग कधी? तुम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिल्यावर?"

वरच्या मजल्यावरच्या सुनेला ती कधी भेटलेली नव्हती.

"पडल्याचा आवाज का येतोय बोलण्यात?" ती म्हणाली. "पडलात ना?"

"फरशी ओली होती."

"शेका. आणि या शनिवारी या. तो निळा ब्रश टाकून दिलाय, दोन वर्षं झाली त्याला. येताना तुमचा तिथला घेऊन या."

"मग परत आल्यावर इथे कशाने घासू?"

पलीकडून फोन बंद झाला. शिपाई दाराशी उभा होता, किल्ल्या वाजवत. गठ्ठेसाहेबांनी फोन खिशात ठेवला, लॅपटॉप मिटला, आणि लंगडत, रिकाम्या रॅकमधून, दिवे मालवत बाहेर आले.

त्या गावातल्या तीन जागांसाठी एकूण एकच अर्ज आला होता.